निकाल शंभर टक्के आणि भूमिती कोणालाच येत नाही; तक्रार करावी की गप्प बसावे?

प्रश्न: दहावीतील विद्यार्थिनी, राजापूर तालुका

मी राजापूर तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावात राहते आणि घरापासून सात किलोमीटरवरील माध्यमिक विद्यालयात दहावीत शिकते. शाळेचे किंवा कोणत्याही शिक्षकांचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नाही, आणि खरे सांगायचे तर भीतीही वाटते.

आमच्या वर्गात सव्वीस मुले-मुली आहेत. गणिताचे सर वेळेवर येतात, हजेरी घेतात, मग हजेरीपटाखाली ठेवलेले गाईड उघडतात आणि त्यातील उत्तर फळ्यावर उतरवू लागतात. आम्ही ते वहीत उतरवतो. तास संपता संपता ‘समजले ना?’ असा प्रश्न येतो, ‘हो सर’ असे एका सुरात उत्तर जाते आणि घंटा होते. जुलैमध्ये समरूपतेचे प्रकरण चालू असताना सर प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाची (त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात विभागते, या प्रमेयाची) सिद्धता लिहीत होते. दुसऱ्या की तिसऱ्या पायरीला त्यांनी दोन त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर मांडले आणि पुढे कंसात ‘उंची समान’ असे लिहिले. मी उभी राहून विचारले, ‘सर, या त्रिकोणांची उंची म्हणजे कोणती रेषा? आकृतीत तर दिसत नाही.’ सरांनी फळ्याकडे पाहिले, गाईडकडे पाहिले आणि म्हणाले, ‘तिथे तसेच लिहायचे असते. त्या पायरीला गुण आहे.’ वर्ग हसला. मीही हसले, कारण न हसता तिथे उभे राहणे कठीण होते. त्यानंतर मी वर्गात प्रश्न विचारलेला नाही.

विज्ञानाची गोष्ट वेगळी आहे. प्रयोगशाळेचे कुलूप खाऱ्या हवेने इतके गंजले आहे की ते यंदा उघडले असेल असे वाटत नाही. प्रयोगवह्या आम्ही मागच्या वर्षीच्या मुलांच्या वह्या पाहून लिहिल्या. लिटमस कागद आमच्यापैकी कोणीही पाहिलेला नाही, परंतु त्याचा रंग बदलल्याचे निरीक्षण सव्वीस वह्यांमध्ये नोंदलेले आहे. विज्ञानाचे सर संध्याकाळी बाजारपेठेत खासगी शिकवणी घेतात, आणि तिथे त्यांनी प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा पाण्याच्या ग्लासात पेन्सिल ठेवून इतका छान समजावला, की शिकवणीला जाणारी माझी मैत्रीण दोन दिवस त्याबद्दलच बोलत होती. शाळेत त्याच धड्याला त्यांनी प्रश्नोत्तरे सांगून लिहून घेतली. म्हणजे त्यांना येत नाही असे नाही.

सगळेच शिक्षक असे आहेत असे मी म्हणणार नाही. इतिहासाच्या बाईंनी आम्हाला नाटे येथील यशवंतगडावर नेले, तटाची लांबी पावलांनी मोजायला लावली आणि ‘खाडीच्या तोंडाशीच किल्ला का बांधला असेल?’ एवढा एकच प्रश्न देऊन परत आणले. त्यावर आम्ही आठवडाभर भांडत होतो. त्यामुळे चांगले शिकवणे म्हणजे काय, हे मला ठाऊक नाही असे कोणी समजू नये.

घरी सांगितले, तर बाबा म्हणाले, ‘निकाल लागतो ना? मग झाले.’ ते ट्रॉलरवर असतात. पावसाळ्यातील मासेमारीची बंदी उठून १ ऑगस्टपासून हंगाम सुरू झाला की त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आणि निकाल खरोखरच लागतो. शाळेच्या फाटकावर ‘१०० टक्के निकालाची परंपरा’ असा फलक आहे. गणपतीची सुट्टी संपून आता अभ्यासाचे खरे दिवस सुरू झाले आहेत. २०२५ ची परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली होती, हे लक्षात घेता हातात फार महिने उरलेले नाहीत.

मला विचारायचे ते असे, की या गोष्टीची तक्रार करता येते का, येत असल्यास ती कोणाकडे आणि कशी करायची, आणि प्रत्येक विषयाचे अंतर्गत (शाळेने द्यायचे) २० गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याविरुद्ध विद्यार्थ्याने काही लिहावे का?

उत्तर १: एक वाचक, ठाणे

आमच्या काळी गाईडसुद्धा नव्हते, तरी आम्ही शिकलो. आज प्रत्येक धड्याचे व्हिडिओ फुकट उपलब्ध आहेत, पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. शिक्षकांना नावे ठेवण्यात घालवलेला वेळ अभ्यासात घालवावा, ही नम्र सूचना.

विचारणारीकडून: काका, आमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही. व्हिडिओ पाहायचा तर सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) चढून जावे लागते, आणि हा प्रश्नही मी तिथे बसूनच लिहिला आहे. पावसात आणि काळोखात तिथे थांबता येत नाही. पुस्तक माझ्याकडे आहेच. ‘उंची समान’ हे त्यातही लिहिलेले आहे.

उत्तर २: निवृत्त मुख्याध्यापक, सिंधुदुर्ग

मुली, तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. तुझ्या लक्षात आले आहे की नाही ते माहीत नाही, पण तू एकाच अर्जात दोन निरनिराळ्या तक्रारी लिहिल्या आहेस आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गणिताच्या शिक्षकांना तो भाग येत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांना येतो, पण ते तो शाळेत देत नाहीत. पहिली उणीव आहे आणि दुसरी लबाडी आहे. दोन्हींना ‘नीट शिकवत नाहीत’ असे एकच नाव दिलेस, तर चौकशीला आलेला माणूस दोघांना एकच समज देऊन निघून जाईल, आणि त्याचा त्रास लबाडापेक्षा अडलेल्या माणसालाच अधिक होईल.

आता त्या फलकाविषयी. असा फलक मीही माझ्या शाळेच्या फाटकावर लावला होता, म्हणून त्यामागचे गणित सांगण्याचा मला अधिकार आहे. गणिताच्या १०० गुणांपैकी ८० लेखी आणि २० शाळेच्या हातात. उत्तीर्ण व्हायला एकूण ३५ लागतात. शाळेने २० पैकी २० दिले, तर लेखी परीक्षेत ८० पैकी १५ मिळवणारा मुलगा उत्तीर्ण होतो. पंधरा गुण पाठांतरावर मिळतात. तुझे सर ‘त्या पायरीला गुण आहे’ असे म्हणाले, तेव्हा ते चुकीचे काही सांगत नव्हते. फक्त ते गणित न शिकवता पंधरा गुण कसे मिळवायचे ते शिकवत होते.

आपला कोकण विभाग दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. त्यात आपल्या मुलांची मेहनत आहे आणि परीक्षेतील शिस्तही आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेच्या हातातले गुण काढून घेतले गेले, तेव्हा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर उतरला. कोकण तेव्हाही पहिलाच आला, पण ८८.३८ टक्क्यांनी. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के झाला. (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हेही सांगितले पाहिजे.) एका वर्षात मुले मंद झाली आणि दुसऱ्या वर्षी हुशार झाली, असे तर कोणी म्हणणार नाही. तुझ्या बाबांना हे आकडे दाखव.

आता तक्रारीच्या रीतीविषयी. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या तासाला बसून पाठाचे निरीक्षण करायचे असते आणि त्याची नोंद लॉगबुकात करायची असते. शिक्षकांनी वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि रोजचे टाचण, म्हणजे पाठाची लेखी तयारी, ठेवायचे असते. म्हणून अर्जात ‘शिकवत नाहीत’ असे मोघम वाक्य लिहू नये. अमुक तारखेला अमुक घटक घेतला, अमुक शंका विचारली व तिचे निरसन झाले नाही, जूनपासून आजपर्यंत प्रयोगशाळेत इतके तास झाले किंवा एकही झाला नाही, असे लिहावे. अशा अर्जाला उत्तर द्यावे लागते. मोघम अर्जाला ‘शिक्षकांना योग्य त्या सूचना देण्यात आल्या आहेत’ एवढे छापील उत्तर पुरते. अशी उत्तरे मी स्वतः लिहिली आहेत.

अर्ज पालकांच्या सहीने द्यावा, मुलांच्या सहीने नव्हे. प्रथम मुख्याध्यापकांना, त्याची प्रत पालक-शिक्षक संघाला. पंधरा दिवसांत काही झाले नाही तर शाळा चालवणाऱ्या संस्थेला, आणि त्यानंतर जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना. खासगी शिकवणीच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमातील कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. हा अधिनियम सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी असल्याने दहावीच्या वर्गाबाबत कोणी फाटे फोडू शकेल; पण तुमच्या शाळेत आठवीचा वर्ग असेल आणि तेच सर त्या वर्गाला शिकवत असतील, तर फाटे फोडायला जागा राहत नाही.

राहिली अंतर्गत गुणांची भीती. ज्या शाळेला शंभर टक्के निकालाचा फलक टिकवायचा आहे, ती शाळा कोणाचे अंतर्गत गुण सहसा कापत नाही. त्यांचा हव्यासच इथे तुझे रक्षण करील.

उत्तर ३: सेवेतील शिक्षिका, गुहागर तालुका

वरील सरांचा आदर राखून मला दुसरी बाजू मांडायची आहे. मी मूळची घाटावरची. रसायनशास्त्रात बी.एस्सी. आणि नंतर बी.एड. करून शिक्षणसेवक म्हणून इकडे आले. तेव्हा माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिना ८,००० रुपये मानधन होते. ते १८,००० झाले जानेवारी २०२३ पासून. तीन वर्षे त्या मानधनावर काढायची, भाड्याच्या खोलीत राहायचे, आणि एसटीची फेरी रद्द झाली की भिजत चालत जायचे, हे सगळे सांगते ते सहानुभूती मिळावी म्हणून नव्हे. सांगायचे आहे ते पुढचे.

रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला रसायनशास्त्राबरोबर नववी-दहावीची भूमिती दिली. पटसंख्या कमी, त्यामुळे संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत) गणिताचे स्वतंत्र पद मंजूर नव्हते. भूमिती मी स्वतः दहावीनंतर उघडलेली नव्हती. पहिले वर्ष मीही गाईड पाहून फळा भरला. हे मी प्रथमच कोणापुढे कबूल करत आहे. मुलांनी शंका विचारली की माझ्या पोटात गोळा येत असे, आणि तो लपवायला मी आवाज चढवत असे. ‘मला आत्ता सांगता येत नाही, उद्या पाहून सांगते’ हे साधे वाक्य वर्गापुढे उच्चारायला मला जवळजवळ दोन वर्षे लागली. ज्या दिवशी ते उच्चारले, त्या दिवशी काहीही कोसळले नाही. उलट दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा मुलगा आठवणीने म्हणाला, ‘बाई, काल उद्या सांगते म्हणाला होतात.’

तुझ्या गणिताच्या सरांचे असेच काही असेल असे मला वाटते. शिवाय शाळेतील जो माणूस संगणक हाताळू शकतो त्याच्याच गळ्यात यू-डायस प्लस या सरकारी संकेतस्थळावर भरायची शाळेची माहिती, शालार्थ या वेतनप्रणालीतील वेतनदेयके, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि मतदार याद्यांचे काम पडते, आणि तो बहुतेक वेळा गणित-विज्ञानाचाच शिक्षक असतो. कायद्यात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात. प्रत्यक्षात ‘माहिती तातडीने सादर करावी’ असा संदेश आला की तास सोडून जावे लागते. मुलांकडूनही अडचण असते. ‘प्रथम’ संस्थेच्या २०२३ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले नव्हते. अशा वर्गापुढे समरूपता शिकवायला उभे राहिल्यावर शिक्षकाला दोनच वाटा दिसतात. एक तर मागे जाऊन भागाकार शिकवावा आणि अभ्यासक्रम अर्धा सोडावा, किंवा गाईड उघडावे. दुसरी वाट सोपी आहे आणि तिला कोणी जाब विचारत नाही.

विज्ञानाच्या सरांची बाजू मी घेणार नाही. पगार शाळेचा आणि पेन्सिल-ग्लास शिकवणीतला, याला माझ्याकडे शब्द नाही.

गणिताच्या सरांबाबत मात्र अर्ज देण्याआधी एक करून पाहा. तुझी शंका एका चिठ्ठीवर आकृतीसह लिही आणि मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत जाऊन, वर्गासमोर नव्हे, त्यांच्या हातात दे. ‘सर, सवड मिळेल तेव्हा सांगा’ एवढेच म्हण. त्यांना घरी जाऊन पाहायला एक रात्र मिळू दे.

उत्तर ४: बांधकाम साइटवरचा, रत्नागिरी

तक्रार कशी करायची ते जाणकारांनी सांगितले आहे. मी फक्त तुझ्या मूळ शंकेचे उत्तर देतो, कारण इतकी उत्तरे झाली तरी ते कोणीच दिलेले नाही.

वही घे आणि त्रिकोण एबीसी काढ. बीसीला समांतर पीक्यू रेषा काढ, पी हा बिंदू एबीवर आणि क्यू हा एसीवर. बी व क्यू जोड, पी व सी जोड. आता वही फिरव. एबी ही बाजू तुझ्याकडे, खाली, आडवी आली पाहिजे. बीसीला ‘पाया’ समजण्याची सवय आपल्याला पाठ्यपुस्तकातील आकृत्यांमुळे लागते, आणि गडबड तिथेच होते. वही फिरवलीस की दिसेल, की एपीक्यू या त्रिकोणाचा पाया एपी आहे, पीक्यूबी या त्रिकोणाचा पाया पीबी आहे, आणि हे दोन्ही पाये एकाच सरळ रेषेवर आहेत. दोन्ही त्रिकोणांचे वरचे टोक एकच, क्यू. त्या क्यूपासून खालच्या रेषेवर लंब टाक. तो लंब एकच आहे, म्हणून दोघांची उंची समान. पीक्यूबी या त्रिकोणात तो लंब त्रिकोणाच्या बाहेर पडतो, म्हणून आकृतीत शोधूनही सापडत नाही. उंची समान असली, की क्षेत्रफळांचे गुणोत्तर पायांच्या गुणोत्तराएवढे, म्हणजे एपी भागिले पीबी.

मग वही दुसऱ्या बाजूला फिरवून एसी खाली घे आणि पी या टोकापासून तेच कर. एक्यू भागिले क्यूसी मिळेल. उरली एक गोष्ट. पीक्यूबी आणि पीक्यूसी या दोन त्रिकोणांचा पीक्यू हा पाया सामाईक आहे, आणि बी व सी हे दोन्ही बिंदू पीक्यूला समांतर रेषेवर असल्याने तिच्यापासून सारख्याच अंतरावर आहेत, म्हणून त्यांची क्षेत्रफळे सारखी. दोन्ही गुणोत्तरे समान झाली आणि प्रमेय संपले.

हे मलाही शाळेत कळले नव्हते. पदविका घेऊन कामाला लागल्यावर एका जुन्या चौपाखी (चारही बाजूंना उतरत्या छपराच्या) घराचे छप्पर उतरवताना कळले. चौपाखी घराच्या आखूड बाजूचे पाखे त्रिकोणी असते. कोपऱ्यांवरून येणारे दोन वासे वर आढ्याच्या टोकाला मिळतात आणि रिपा (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या) वळचणीला, म्हणजे छपराच्या खालच्या कडेला, समांतर मारलेल्या असतात. आमच्यातील वयस्कर सुताराने डाव्या वाशाचा तिसरा हिस्सा मोजून खूण केली, उजव्या वाशाचा तिसरा हिस्सा मोजून खूण केली, आणि दोन्ही खुणांवर रीप ठेवली. ती वळचणीला समांतरच बसली. दोन्ही वासे सारख्या लांबीचे नव्हते, तरी बसली. मी विचारले, तर म्हणाला, ‘बसतेच.’ (सुताराने वापरला तो प्रमेयाचा व्यत्यास, म्हणजे उलट विधान, झाला, तोही तुमच्या पुस्तकात त्याच प्रकरणात आहे.)

उत्तर ५: एक पालक, देवगड तालुका

बाय, मी माझ्या मुलाच्या वेळी असा अर्ज केला होता, म्हणून लिहिते. मुख्याध्यापक सरांनी लॉगबुक आणि टाचणाबद्दल सांगितले ते कागदावर बरोबर आहे, पण टाचणवह्या एका रात्रीत लिहून होतात, हे त्यांनाही ठाऊक असेल. कागदाला कागदाने उत्तर येते. आम्ही मागणी केली ती पालकसभेची वेळ बदलण्याची. आमच्या शाळेत सभा नेहमी कामाच्या दिवशी अकरा वाजता ठेवत. त्या वेळी अर्धी माणसे बंदरावर नाहीतर बागेत असतात, आणि सभेला येतात पाच जण. सभा रविवारी दुपारी ठेवायला लावली, तेव्हा चाळीस पालक आले. तेव्हा प्रथम शिक्षकांना जाणवले की विचारणारे कोणी आहे.

सह्या घेताना सावध राहावे. आमच्या अर्जावर ज्यांनी आधी सही केली, त्यांतील दोघांनी दुसऱ्या दिवशी येऊन ती खोडली. त्यांच्या धाकट्या मुली त्याच शाळेत होत्या.

विचारणारीकडून, सुमारे तीन आठवड्यांनी

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, म्हणून काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

वही फिरवल्यावर उंची दिसली. मी ती आकृती मैत्रिणींना दाखवली आणि आईलाही दाखवली. आईने आमच्या गोठ्याच्या छपराकडे बघून मान डोलावली. तरीही गुहागरच्या बाईंनी सुचवल्याप्रमाणे चिठ्ठी सरांना दिली. त्यांनी ती न वाचता खिशात ठेवली. चार दिवस काही झाले नाही, आणि मला वाटले की विषय संपला. पाचव्या दिवशी त्रिकोणमितीचे उदाहरण लिहून झाल्यावर तासाची शेवटची दहा मिनिटे उरली होती. सरांनी फळा पुसला, जुलैमधीलच आकृती काढली, पण आडवी करून, आणि क्यूपासून लंब टाकला. पहिल्यांदा तो चुकीच्या बाजूवर पडला. त्यांनी तो हाताने पुसला आणि पुन्हा काढला. गाईड टेबलावर बंद होते. चिठ्ठीविषयी ते काही बोलले नाहीत आणि माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. त्यानंतरचे तास बहुतेक पूर्वीसारखेच चालले आहेत. फक्त दोनदा ‘याचे उद्या बघू’ असे म्हणाले, आणि त्यांपैकी एकदा खरोखरच बघितले.

गणिताचा मुद्दा आम्ही अर्जातून वगळला. विज्ञानाचा अर्ज प्रयोगशाळा आणि शिकवणी या दोनच मुद्द्यांवर, तारखांसह लिहिला. सव्वीसपैकी नऊ पालकांनी सह्या केल्या. शिकवणीला जाणाऱ्या मुलांच्या पालकांपैकी कोणीही केली नाही, आणि त्याचे कारण मला समजते. बाबांनी आकडे वाचले, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग सर्वांत आधी सही केली. आई अर्ज घेऊन मुख्याध्यापकांकडे गेली, तेव्हा त्यांनी तो वाचून ‘हे कोणी लिहून दिले?’ एवढेच विचारले आणि टेबलाच्या खणात ठेवला. पोच दिली नाही. त्यानंतरच्या सोमवारी प्रयोगशाळेचे कुलूप तोडलेले आढळले आणि आम्हाला आत नेण्यात आले. लिटमस कागदांची डबी सापडली, पण दमट हवेने कागद एकमेकांना चिकटून त्यांचा गठ्ठा झाला होता. निळे कोणते आणि तांबडे कोणते ते ओळखता येत नव्हते. सर म्हणाले, नवीन मागवू. शिकवणी अजून चालू आहे.

पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असे ते म्हणू शकतील का?

उत्तर ६: निवृत्त मुख्याध्यापक, सिंधुदुर्ग

म्हणू शकतील. अर्जाच्या दोन प्रती करा, आणि दुसरी शाळेच्या कार्यालयातील लिपिकाकडे देऊन तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. मुख्याध्यापकांच्या खोलीत जाण्याचे कारण नाही. लिपिकाने नकार दिला, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने शाळेच्या पत्त्यावर पाठवा आणि पावती जपून ठेवा. पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजायचे. प्रयोगशाळा कोणत्या सोमवारी उघडली आणि आत काय सापडले, तेही आजच तारखेसह लिहून ठेव. शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायची वेळ आली, तर लिटमसचा तो गठ्ठा अर्जात पाहिजे.